उलट्या दिशेची बस

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात लाडाचा भाग कमी, वैतागाचा जास्त. जेवताना ती ताटावरून दोनदा तरी उठायची. अभ्यास करायचा म्हणजे पुस्तक हातात धरून खोलीभर येरझाऱ्या. खुर्चीवर बसलीच, तर एक पाय असा हलत राहायचा की टेबलावरच्या चहाला लाटा याव्यात. "अगं, टेक की जरा कुठं तरी!" हे आईचं दिवसाचं पालुपद. पण याच मुलीला जागा बदललेली मात्र अजिबात खपायची नाही. शाळेत लहानपणापासून तिचा बाक खिडकीजवळचा आणि शेजारी मैना. या मैत्रिणीचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून वर्गानं तिला ठेवलेलं ते नाव. भिंगरी कितीही गरगरली तरी एकाच जागी गरगरायची, आणि त्यात तिचं उत्तम चाललं होतं.

शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर आई एका दुपारी घरी आली ती डोक्यावरची कामाची टोपी न काढताच. आई एका मोठ्या बेकरीत होती. पीठ मळायच्या यंत्रावर लागली होती, आणि वर्षानुवर्षं हात भाजून घेत भट्टीपर्यंत पोचली होती. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे पट्टे होते.

"दुसऱ्या गावात नवी बेकरी उघडतायत," ती दारातच म्हणाली. "सगळ्या भट्ट्या माझ्याकडे देणार म्हणतात. सगळ्या!"

"वा!" बाबा म्हणाले. बाबांचं चौकात केस कापायचं दुकान होतं, एका भागीदाराबरोबर. त्या भागीदाराला सगळे वस्ताद म्हणत. बाबा 'वा' म्हणाले खरे, पण मग कात्री काढून ती कितीतरी वेळ पुसत बसले. ती आधीच लखलखीत होती.

"आणि माझं वर्ष?" भिंगरीनं विचारलं.

"तिथंही शाळा आहे."

"शाळा असेल गं. माझी कुठाय?"

तिनं सगळे उपाय करून पाहिले. रुसली, भांडली, जेवण टाकलं. शेवटी म्हणाली, मी मैनाच्या घरी राहते, तिची आई तयार आहे. त्यावर आई म्हणाली, "पुढच्या वर्षी तू शिकायला कुठं जाशील कोण जाणे. हे एकच वर्ष उरलंय माझ्या हातात. ते मी दुसऱ्याच्या घरी द्यायची नाही." आईनं असा आवाज काढला की बोलणं तिथंच संपतं, हे भिंगरीला ठाऊक होतं. तिनं दार आपटलं, आणि सामानाची खोकी भरायला घेतली.

नव्या गावातलं घर टायर दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. दिवसभर खालून हवा भरायच्या यंत्राची फुसफुस आणि जळक्या रबराचा वास. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेकरीचं धुराडं दिसायचं. आई तिकडे बोट दाखवून सांगायची, "आता जो धूर निघतोय ना, तो दोन नंबरच्या भट्टीचा." जणू काही भट्टीला तिनंच जन्म दिला होता. ती पहाटपाळीला जायची आणि दुपारी परत यायची ती पिठानं पांढरी होऊन, थकलेली, पण गुणगुणत. आई गुणगुणते हे भिंगरीला माहीतच नव्हतं. तिला त्याचाही राग आला.

नव्या शाळेत सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुठल्या जिन्यानं चढायचं, कुठल्या सरांच्या तासाला वही काढायचीच नाही, कोण कुणाशी बोलत नाही. भिंगरी पहिल्या दिवशी एका रिकाम्या बाकावर बसली, तर मागून आवाज आला, "तिथं नको, तिथं आमच्या बॅगा असतात." माणसं नाही, बॅगा! ती उठली आणि अगदी मागे, कपाटाशेजारी जाऊन बसली. मधल्या सुट्टीत डबा हातात धरून ती मैदानाला फेऱ्या मारत राहिली, घाईघाईनं, कुठं तरी निघाल्यासारखी. निघाल्यासारखं चालत राहिलं की कुणाला आपण एकटे दिसत नाही, एवढं मात्र ती त्या दिवशी शिकली.

संध्याकाळी मैनाचा फोन आला. "तुझ्याशिवाय काही मजा नाही गं," मैना म्हणाली. "सर मला म्हणाले, आज वर्गात इतकी शांतता कशी?"

हे वाक्य भिंगरीच्या डोक्यात रात्रभर घोळत राहिलं. सकाळी आई कधीच कामावर गेली होती. बाबाही लवकर बाहेर पडले. त्यांना बाजारातल्या एका झगझगीत सलूनमध्ये खुर्ची मिळाली होती, असं ते सांगत. भिंगरी शाळेकडे निघाली, चौकात थांबली, आणि पाय आपोआप बसस्टँडकडे वळले. जुन्या गावाची बस उभीच होती. इंजिन सुरू होतं. ती चढली.

त्या दिवशी ती नव्या शाळेच्याच गणवेशात गेली, आणि मैनानं फाटकातच तिला मिठी मारून उचललं. सगळा वर्ग गोळा झाला. कुणी तिचा लाल टाय ओढून पाहिला, कुणी तिची नक्कल केली. सर आले, तेव्हा ती म्हणाली, "दाखला अजून निघाला नाही, सर." सर मान हलवून फळ्याकडे वळले. शेवटच्या वर्षाच्या वर्गात एवढी मुलं कोंबलेली असतात, की एक कमी काय आणि एक जास्त काय.

दुसऱ्या दिवशी तिनं नव्या शाळेतल्या वर्गशिक्षिका बाईंना सांगितलं, "आमचं सामान अजून पूर्ण आलेलं नाही, बाई. दोन्हीकडे धावपळ चाललीय. थोडे दिवस मधेमधे दांडी पडेल." बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "प्रात्यक्षिकं बुडली तर ती मागून करावी लागतील. ती मी कुणाला सोडत नाही." भिंगरीनं भोळा चेहरा करून मान डोलावली. एक थाप तिनं तिकडे मारली होती आणि दुसरी इकडे, आणि दोन्ही खपल्या होत्या. आपण एवढ्या हुशार आहोत हे आधी कुणी सांगितलंच नाही, असं तिला वाटलं.

मग तो नादच लागला. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. जुना हिरवा गणवेश दप्तराच्या तळाशी. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात शिरताना लाल आणि बाहेर पडताना हिरवी. तिथली झाडणारी बाई एकदा म्हणाली, "काय गं, नाटकात काम करतेस वाटतं?" भिंगरी म्हणाली, "हो, मुख्य भूमिका आहे." आणि धावत बसमध्ये चढली.

त्या बसमध्ये तिला कधी बसवत नसे. जाताना वाटायचं, ही एवढी हळू का चाललीय. आणि परतताना वाटायचं, हिला एवढी कसली घाई. लाल दिवस जुन्या शाळेत काय चाललं असेल या विचारात जायचा. आणि चमत्कार असा, की हिरव्या दिवशी, अगदी मैनाच्या शेजारी बसलेली असताना, मनात यायचं, तिकडे आता हजेरी झाली असेल, बाईंनी नाव घेतलं असेल.

असंच एकदा ती बसमध्ये चढली. मागच्या बाजूला एक जागा रिकामी होती. शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र अगदी तोंडासमोर धरून बसले होते. बस निघाली, वळणं घेऊ लागली, पण त्या गृहस्थांनी पान काही उलटलं नाही. भिंगरीचं लक्ष पत्र धरणाऱ्या हातांकडे गेलं. उजव्या हाताच्या अंगठ्यावर, आतल्या बाजूनं, कात्रीच्या कडीनं पडलेला घट्टा. आणि वास, दाढीनंतर लावायच्या त्या हिरव्या बाटलीतल्या पाण्याचा.

तिनं मान वाकडी करून पत्राच्या कडेनं बघितलं.

"बाबा?"

वर्तमानपत्र हललं नाही.

"बाबा, पेपर कालचा आहे."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. त्यामागे बाबांचा चेहरा होता, चोरी पकडल्यावर लहान मुलाचा होतो तसा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबांना आपण बाप असल्याची आठवण झाली असावी. त्यांनी घसा खाकरला.

"तुझी शाळा कुठल्या दिशेला आहे?"

"तुमचं सलून कुठल्या दिशेला आहे?"

"मी मोठा माणूस आहे."

"मग मोठ्यानं सांगा ना, कुठं निघालात ते."

पुढच्या बाकावरची बाई मागे वळून बघायला लागली. बाबांनी आवाज खाली आणला, आणि मग सगळं हळूहळू बाहेर आलं. बाजारातल्या त्या सलूनवाल्यानं त्यांना थोडेच दिवस ठेवून घेतलं होतं. मग म्हणाला, काका, हात चांगला आहे तुमचा, पण आमच्याकडे पोरं येतात, त्यांना फोनमध्ये दाखवतात तसे केस हवे असतात. घरी हे सांगायला बाबांची जीभ रेटेना. आई एवढी खुशीत होती. म्हणून रोज सकाळी पिशवीत कात्री घालून ते वस्तादच्या दुकानात जात होते, आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे.

"रोज?" भिंगरीनं विचारलं. "मग मला कधी दिसला नाहीत?"

"मी आधीच्या बसनं जातो. आज चुकली." आणि मग, "तू किती दिवस करतेयस हे?"

"तुमच्याएवढे नाही."

बाबांना हसू फुटलं. ते दाबायला गेले आणि ठसकाच लागला. भिंगरीलाही आवरेना. दोघं पोट धरून हसायला लागले. चालकानं आरशातून बघितलं, इतके. हसण्याचा भर ओसरल्यावर बाबा एकदम गंभीर झाले. "तुझं वर्ष महत्त्वाचं आहे, भिंगरी. हे बरोबर नाही."

"तुमचं?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आणि ती पिशवीत कात्रीशेजारी सरकवली.

आईला सांगायचं नाही, असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. उतरल्यावर बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चौकात ते डावीकडे वळले, ती उजवीकडे. बाबाही आपल्याच बाजूचे आहेत, या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं, की ती शाळेपर्यंत जवळजवळ पळतच गेली.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसली होती. भिंगरीला ती माहीत होती. याच वर्षी दुसऱ्या गावाहून आलेली, बारीक आवाजाची. भिंगरी नसली की ती मैनाशेजारी बसायची, आणि भिंगरी आली की मैना तिला मागे पाठवायची. त्या मुलीनं भिंगरीला दारात पाहिलं. ती लगेच वह्या गोळा करू लागली. तिचा वेग बघून भिंगरीला कसंसंच झालं. सवय झाल्याशिवाय माणूस इतक्या लवकर सामान आवरत नाही.

"बस तू," मैना त्या मुलीला म्हणाली. मग भिंगरीकडे वळून, "आज तू मागे बसशील? आमचा दोघींचा प्रयोग चाललाय, मोजमापं घ्यायची आहेत."

भिंगरी मागे बसली. सर आले, त्यांनी गट पाडले, नावं वाचली. भिंगरीचं नाव कुठल्याच गटात नव्हतं. सरांची नजर फिरत फिरत तिच्यावर आली. "अरे," ते अगदी सहज, जराही वाईट हेतू नसताना म्हणाले, "तू अजून आहेस?"

वर्ग हसला. ती आपली नेहमीची थट्टा होती, जुन्या मित्रमैत्रिणींची. भिंगरीही हसली. पण टेबलाखाली तिचा पाय असा हलायला लागला, की शेजारच्या मुलानं बाक धरून ठेवला.

मधल्या सुट्टीत मैना तिला नळाजवळ घेऊन गेली. मैना कधी शब्द शोधत नसे, पण त्या दिवशी ती शोधत होती.

"तू रागावशील."

"बोल तर."

"तू आलीस की मला आनंद होतो. खरंच होतो. पण मग मला दिवसभर नीट बसता येत नाही. एकीकडे तू, एकीकडे ती. तिला दर वेळी उठवायचं, ती काही बोलत नाही, गपचूप उठते. तिचं इथं कुणी नाही गं. काल ती मला विचारत होती, उद्या मी कुठं बसू? रोज विचारते."

"म्हणजे मी येऊ नको."

"घरी ये ना! सुट्टीला ये, राहायला ये. पण वर्गात..." मैनाचे डोळे भरले. "वर्गात तुझ्यासाठी जागा ठेवायची, का ठेवायची नाही, हे मला रोज सकाळी ठरवावं लागतं. मला नाही जमत आता."

भिंगरीला काहीतरी टोचेल असं बोलायचं होतं. तोंडावर आलंही होतं. पण त्याच वेळी तिला नव्या शाळेतला कपाटाशेजारचा बाक आठवला, आणि बॅगांसाठी राखलेली ती जागा. ती बारीक आवाजाची मुलगी व्हरांड्याच्या टोकाला डबा घेऊन उभी होती, आणि मैनाची वाट बघत नसल्यासारखं दाखवत होती.

"जा," भिंगरी म्हणाली. "ती थांबलीय."

ती दप्तर घेऊन फाटकाबाहेर पडली. परतीच्या बसला वेळ होता. एका जागी थांबवेना, म्हणून ती चालत सुटली. आपण बाबांच्या दुकानाशी येऊन पोचलो हे काचेसमोर उभी राहिल्यावरच तिला कळलं.

आत बाबांच्या खुर्चीशी वस्तादचा भाचा उभा होता, आणि झरझर कात्री चालवत होता. वस्ताद दुसऱ्या खुर्चीशी. बाबा थांबलेल्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते आणि काही तरी रंगवून सांगत होते. लोक हसत होते. मग एक टक्कल पडलेले आजोबा आत शिरले. भिंगरी त्यांना ओळखत होती. कानांमागे उरलेल्या चार केसांसाठीसुद्धा ते बाबांशिवाय कुणाच्या हाताखाली बसत नसत. बाबा लगेच उठले आणि टॉवेल झटकला. आजोबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, तब्येतीची चौकशी केली, आणि भाच्याची खुर्ची रिकामी होताच तिच्यात जाऊन बसले. "आता याचीच सवय झाली रे," ते म्हणाले असावेत, कारण बाबा मान हलवून हसले. त्यांनी टॉवेलची घडी घातली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि जमिनीवरचे केस गोळा करायला लागले.

भिंगरीला काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. ती दार ढकलून आत गेली.

"बाबा, माझे केस कापा."

सगळे बघायला लागले. बाबांच्या हातात झाडू तसाच राहिला. "आत्ता? शाळा?"

"संपली. कापा ना."

वस्तादनं आपली खुर्ची तिच्याकडे फिरवली. ती बसली. बाबांनी तिची वेणी सोडली, आणि आरशात तिच्याकडे बघितलं. "किती?"

"तुम्हाला वाटेल तेवढे."

बाबांनी कात्री हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. खांदे खाली आले, ओठ किंचित बाहेर, आणि कात्रीचा तो एकसारखा कचकच आवाज, जो ऐकत ती लहानपणी इथल्याच बाकावर झोपून जायची. ती एवढा वेळ एका जागी कधी बसली नव्हती. केस खांद्यापाशी आले. भाचासुद्धा काम थांबवून बघत होता.

"काय हात आहे!" वस्ताद म्हणाला.

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी कात्री पुसली आणि पिशवीत ठेवली. आरशाशेजारी त्यांचा जुना कंगवा आणि वस्तरा होते, तेही पिशवीत गेले. वस्तादनं ते बघितलं. तो दारापर्यंत सोडायला आला.

बसमध्ये भिंगरीनं विचारलं, "ते रोज असंच करतात?"

"चांगली माणसं आहेत ती. मला चहा पाजतात." बाबांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "आणि तुझं?"

"मला पण पाजतात," ती म्हणाली. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. बाबांनी ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

घरी आई टेबलाशी बसून हाताला मलम लावत होती. नवा चटका होता. भिंगरी आणि बाबा आत येताच आईनं वर पाहिलं.

"केस कधी कापलेस?"

"आज."

"कुणी?"

"बाबांनी."

"छान दिसतायत." आईनं मलमाचं झाकण लावलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "आज कधी? तू शाळेत, हे सलूनमध्ये. आणि मुलींचे केस तिथं कापत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

भिंगरीनं बाबांकडे बघितलं. बाबांना खोटं बोलता येतं ते फक्त आधी तयारी असेल तर. ते खुर्चीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, सलूनवाल्यापासून टकल्या आजोबांपर्यंत. ते थांबल्यावर भिंगरीनं आपलं सांगितलं.

आई ओरडेल, दोघांनाही फाडून खाईल, अशी त्यांची तयारी होती. आई ओरडली नाही. ती उठून खिडकीशी गेली.

"मी रोज दुपारी येते," ती पाठ करूनच म्हणाली, "आणि तुमची वाट बघत बसते. वाटतं, दोघं आपापल्या कामाला लागले, हळूहळू रुळतील. भट्टीवर सगळ्यांना सांगत असते, माझे मिस्टर इथं, माझी मुलगी तिथं. आणि तुम्ही..." तिनं खिडकीचं दार ओढून घेतलं. "अख्ख्या गावात मी एकटीच राहत होते की रे. तुम्ही दोघं अजून आलाच नाहीत."

"आई..."

"मला आवडतं इथं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारून काम करतं. त्याची लाज वाटायला लावू नका मला."

ती आत गेली. त्यानंतर बरेच दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, दार लाव, एवढंच. आईचं गुणगुणणं बंद झालं, आणि ते किती कानात बसलं होतं हे भिंगरीला तेव्हा समजलं.

बाबा गावभर पायी हिंडू लागले. दुकानादुकानांतून नकार घेत घेत शेवटी ते इस्पितळात पोचले. तिथं अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे केस कापायला कुणी मिळत नव्हतं. झोपलेल्या माणसाचे केस कापणं सोपं नसतं, मान दुखू न देता डोकं वळवावं लागतं. पहिल्या दिवशी बाबा परत आले ते घामाघूम, आणि ताटावर बसल्या बसल्या एका म्हाताऱ्या मास्तरांची गोष्ट सांगू लागले. आई ऐकत नव्हती, पण वाढता वाढता थांबली होती.

भिंगरी रोज लाल गणवेशात शाळेत जाऊ लागली. तिथं काही बदललं नव्हतं. बॅगा आपल्या जागी होत्या, कपाट आपल्या जागी. पाय थांबत नव्हते. सकाळी चौकात पोचली की स्टँडकडून येणारा हॉर्न ऐकू यायचा आणि ती मुठी आवळून पुढे चालायची.

रसायनशास्त्राच्या बाईंनी शब्द खरा केला. बुडालेली प्रात्यक्षिकं शाळा सुटल्यावर करायची होती. प्रयोगशाळेत आणखी एक मुलगी होती, आजारपणात प्रात्यक्षिकं राहून गेलेली, ताडमाड उंच. वर्ग तिला जिराफ म्हणायचा आणि तिनंही ते नाव बिनतक्रार घेतलं होतं. काचेच्या उभ्या नळीतून जांभळं द्रावण थेंबाथेंबानं खालच्या चंचुपात्रात सोडायचं, आणि फिकट गुलाबी रंग आला की लगेच थांबायचं. भिंगरीला थांबणं जमेना. दर वेळी एक थेंब जास्त. पात्रात गडद जांभळं पाणी.

"तू तोटी फिरवतेस की पळवतेस?" जिराफनं विचारलं.

"तूच कर मग."

"मी केलं तर नळी दिसते, पात्र दिसत नाही. वाकून वाकून पाठ मोडते माझी."

मग त्यांनी वाटणी केली. जिराफ वरून तोटी सांभाळणार, भिंगरी खाली वाकून रंग बघणार आणि 'बास' म्हणणार. भिंगरी 'बास' इतक्या जोरात ओरडली की जिराफचा हात दचकला आणि अर्धी नळी रिकामी झाली, भिंगरीच्या बोटांवर. दोघी हसत सुटल्या. बाई दारातून म्हणाल्या, "पुन्हा." त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा बिघडलं. बाहेर मैदान रिकामं झालं, शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला, आणि शेवटी कुठं तो हलका गुलाबी रंग आला आणि टिकला. जिराफ म्हणाली, "उद्या दुसरं प्रात्यक्षिक आहे. ते याहून वाईट आहे." भिंगरी म्हणाली, "मग मी जास्त जोरात ओरडेन."

घरी पोचायला उशीर झाला. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, चप्पल घालून, निघण्याच्या तयारीत.

"कुठं होतीस?"

"शाळेत."

"शाळा कधीच सुटली." आईचा चेहरा पांढरा पडला होता. "खरं सांग. बस चुकली का परतीची?"

"शाळेत होते म्हणतेय ना!" भिंगरी भडकली. "बाईंनी थांबवलं होतं. दर वेळी काय मी..." आणि पुढचं तिला म्हणता आलं नाही, कारण आईला तसं वाटणं अगदी रास्त होतं. ती नुसती जिन्यात उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

आईनं तिचा हात धरला, उजेडात ओढला. बोटं तपकिरी झाली होती, नखांच्या कडांना जांभळं. आईनं ती उलटसुलट करून पाहिली.

"हे काय?"

"प्रयोगातलं. सांडलं."

"भाजतं?"

"नाही गं."

आईनं हात सोडला नाही. जिन्यात उभ्या उभ्या ती बोटांकडे बघत राहिली, आणि मग तिनं पायातली चप्पल काढली.

"चल, धू आधी. असेच हात घेऊन जेवायला बसशील."

"धुतले. निघत नाही ते. दोन-चार दिवस राहणार म्हणाली जिराफ."

"कोण जिराफ?"

"आहे एक."

"मग घास," आई म्हणाली. ती मोरीशी गेली, नळ सोडला, आणि भिंगरीच्या हाताला साबण लावून घासायला लागली. डाग जराही हलत नव्हता, तरी ती घासतच राहिली. भिंगरी "आई, पुरे, दुखतंय" म्हणत एकसारखी चुळबुळत होती.